पॅकेज मॅनेजरचा मराठी दुभाषा : मुंबईतील एका भाषांतरकार्याचा इतिहास

१

मुंबई बंदराच्या व्यापारात ‘दुभाष’ हा एक मान्य व्यवसाय होता. परदेशी गलबत धक्क्याला लागले म्हणजे त्याच्या कप्तानाला पाणी, धान्य, दोरखंड यांची तरतूद करून देणारा आणि बंदरातील व्यवहारात मध्यस्थी करणारा गृहस्थ तो दुभाष. मुंबईतील एक पारशी आडनाव आणि काळाघोड्याजवळील एका रस्त्याचे नाव यांनी त्या व्यवसायाची खूण अद्याप जपली आहे. दोन भाषांचे शब्द ठाऊक असणे एवढ्यावर हा व्यवसाय चालत नसे. माल कोणाच्या ताब्यात आहे, किती दिवस आहे आणि नुकसान झाल्यास ते कोणी सोसावयाचे, हे बहुधा कागदावर न आलेले संकेत दुभाषाने सांभाळावयाचे असत.

संगणकाच्या क्षेत्रातही अशा दुभाषांची गरज पडते. एका भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचा उपयोग दुसऱ्या भाषेतून करून घ्यावयाचा झाल्यास मध्ये एक जोडणी उभी करावी लागते. तिला त्या व्यवसायात ‘बाइंडिंग’ म्हणतात. ही दुसरी भाषा बहुधा पायथॉन किंवा रस्ट यांसारखी यंत्रभाषा असते. परंतु ती मराठीसारखी माणसांची भाषाही असू शकते, आणि तसे झाले असता जोडणीच्या सुरक्षिततेचा प्रश्न नाहीसा होत नाही. उलट त्यात व्याकरणाची भर पडते. इसवी सन २००७ च्या सुमारास मुंबईत ‘डेबियन’ या मुक्त संगणकप्रणालीच्या पॅकेज मॅनेजरचे संदेश मराठीत आणले गेले. त्या कार्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

२

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यात, जुहूच्या गुलमोहर मार्गाच्या परिसरात, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकविषयक विभागातून ती उदयास आली आणि १९८५ साली स्वायत्त झाली. श्री. एस. रमणी हे तिचे पहिले संचालक. भारतातील विद्यापीठे व संशोधनसंस्था यांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याच्या उभारणीत तिचा वाटा मोठा होता. देवनागरीच्या इतिहासातही तिचे स्थान आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तेथे भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षररचनेवर काम केले; ‘विंडोज’ प्रणालीबरोबर घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच आरेखनाचा होय. २००३ साली ही संस्था ‘सी-डॅक’ या शासकीय संस्थेत विलीन झाली आणि तिचे मुंबई केंद्र बनली.

या मुंबई केंद्रात ‘जनभारती’ या नावाने मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत आणण्याचे काम झाले. डेबियनच्या ‘डीपीकेजी’ आणि ‘एपीटी’ या दोन साधनांच्या मराठी संदेशांच्या फायली त्याच कामातून आल्या. एपीटीच्या मराठी फायलीच्या शिरोभागात भाषांतर करणाऱ्या गटाच्या जागी ‘मराठी, जनभारती, सी-डॅक, मुंबई’ अशी नोंद असून अखेरच्या दुरुस्तीचे वर्ष २००८ असे दिलेले आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव असावे तशी ही नोंद आहे. फरक इतकाच की हे मुखपृष्ठ वाचकाच्या दृष्टीस कधी पडत नाही.

३

पॅकेज मॅनेजर हे संगणकाचे कोठार सांभाळणारे साधन होय. कोणते सॉफ्टवेअर बसविले आहे, त्याला दुसऱ्या कोणत्या सॉफ्टवेअरचा आधार लागतो, नवी आवृत्ती आल्यास काय बदलावे आणि काय काढावे, याचा हिशेब ते ठेवते. डेबियन प्रणालीची घोषणा इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केली. तिचे डीपीकेजी हे साधन आरंभी अन्य भाषांत लिहिले गेले होते. १९९४ साली इयान जॅक्सन यांनी ते मुख्यतः सी भाषेत नव्याने रचले. त्याच्या वरच्या थरातील एपीटी हे साधन सी++ भाषेतील असून १९९९ च्या डेबियन २.१ या आवृत्तीपासून ते लोकांच्या वापरात आले. दोन्ही साधने वापरणाऱ्याशी बोलतात ती मुळात इंग्रजीत.

हे बोलणे अन्य भाषांत नेण्याची व्यवस्था ‘गेटटेक्स्ट’ या नावाने ओळखली जाते. तिची मूळ कल्पना सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत पुढे आली, आणि १९९५ च्या सुमारास उलरिख ड्रेपर यांनी तिची मुक्त आवृत्ती रचली. आज्ञावलीतील प्रत्येक इंग्रजी वाक्य एका सूचीत घेतले जाते. भाषांतरकार त्याखाली स्वभाषेतील वाक्य लिहितो. आणि आज्ञावली चालत असताना इंग्रजी वाक्याच्या जागी ते वाक्य उचलले जाते. वरवर पाहता ही द्विभाषिक कोशाचीच पद्धत दिसते. परंतु कोशातील नोंद चुकली तर वाचकाची दिशाभूल होते, तर येथील नोंद चुकली तर आज्ञावलीच कोसळू शकते. याचे कारण सी भाषेच्या एका जुन्या संकेतात आहे.

४

सी भाषेत संदेशाचे वाक्य व त्यात भरावयाचे तपशील ही वेगवेगळी दिली जातात. वाक्यात जेथे नाव यावयाचे तेथे ‘%एस’ आणि जेथे अंक यावयाचा तेथे ‘%डी’ असे स्थानचिन्ह ठेवतात. (मूळ चिन्हांतील अक्षरे रोमन आहेत, येथे ती देवनागरीत दिली आहेत.) छपाईचे काम करणारा भाग वाक्य वाचीत जातो, पहिले चिन्ह दिसताच पहिला तपशील उचलतो, दुसरे दिसताच दुसरा. तपशील खरोखर नाव आहे की अंक, हे तो तपासून पाहत नाही. वाक्यात जे चिन्ह आहे तेच सत्य, असे तो धरून चालतो.

डीपीकेजीत असा एक संदेश आहे : अमुक नावाची उपप्रक्रिया अमुक दोषांक देऊन संपली. इंग्रजीत नाव आधी येते, अंक नंतर. मराठी भाषांतरकाराने सहज ओघात ‘%डी हा दोषांक देऊन %एस ही उपप्रक्रिया संपली’ असे लिहिले, तर मराठी म्हणून वाक्य निर्दोष आहे. परंतु छपाई करणाऱ्या भागाला पहिल्या चिन्हाशी अंक अपेक्षित असतो आणि त्याच्या हाती नाव येते; दुसऱ्या चिन्हाशी नाव अपेक्षित असते आणि हाती अंक येतो. सी भाषेत नाव म्हणजे स्मृतीतील एक पत्ता. तेव्हा तो अंकालाच पत्ता समजून त्या जागी अक्षरे शोधावयास जातो. तेथे त्याला जाण्याची मुभा नसल्यास आज्ञावली जागच्या जागी बंद पडते. पॅकेज बसविण्याच्या मध्येच असे झाले, तर कोठाराचा हिशेब अर्धवट राहतो.

यापुढचा धोका अधिक गंभीर आहे. स्थानचिन्हांपैकी एक असे आहे की जे वाचत नाही, तर स्मृतीत लिहिते. वाक्य परक्याच्या हाती गेल्यास त्यायोगे संगणकाचा ताबा घेता येतो. ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ या फायली पुरविणाऱ्या सॉफ्टवेअरमधील अशा उणिवेमुळे २००० साली हा धोका सर्वत्र चर्चेत आला. सी भाषेचा कंपायलर अशी चूक एरवी पकडू शकतो, कारण वाक्य त्याच्या डोळ्यांपुढे असते. भाषांतरित वाक्य मात्र वेगळ्या फायलीतून, आज्ञावली चालू झाल्यावर येते. कंपायलर ते पाहूच शकत नाही. भाषांतर मूळ वाक्याशी इमान राखील, असे त्याला गृहीत धरावे लागते.

हे इमान तपासण्याचे काम गेटटेक्स्टने भाषांतराच्या फायलीवरच केले. सूचीतील ज्या वाक्यांत स्थानचिन्हे असतात त्यांवर ‘सी-पद्धतीचे वाक्य’ अशी खूण असते. फायलीचे यंत्रोपयोगी रूप सिद्ध करताना तपासणी मागितल्यास, मूळ वाक्यातील प्रत्येक चिन्हाला भाषांतरात त्याच प्रकारचे चिन्ह आहे की नाही हे पाहिले जाते. नसल्यास फाइल नाकारली जाते. शब्दक्रम बदलण्याचीही सोय आहे. चिन्हात तपशिलाचा क्रमांक घालून ‘%2$डी हा दोषांक देऊन %1$एस ही उपप्रक्रिया संपली’ असे लिहिले म्हणजे मराठी क्रमही राहतो आणि करारही मोडत नाही. मात्र एका वाक्यात क्रमांक घातले तर ते सर्व चिन्हांना घालावे लागतात.

या व्यवस्थेचे महत्त्व भाषाशास्त्रीय आहे. जो करार पूर्वी सी-लेखकाच्या मनात होता, तो वाक्यावरच लिहिला गेला आणि म्हणून यंत्राला तपासता आला. भाषांतरकाराला सी भाषा येण्याची गरज उरली नाही.

५

तथापि यंत्र तपासते ते चिन्हांचे प्रकार. मराठीचे व्याकरण त्याच्या आटोक्यातील नाही, आणि मुंबईतील भाषांतरकारांपुढची खरी अडचण तेथे होती.

पहिली अडचण सामान्यरूपाची. इंग्रजीत नामापूर्वी शब्दयोगी अव्यय ठेवले की काम भागते. नामाचे रूप बदलत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नाम सामान्यरूप धारण करते : ‘घोडा’ याचे ‘घोड्याला’, ‘फाइल’ याचे ‘फायलीत’. स्थानचिन्हाच्या जागी येणारे नाव कोणते हे भाषांतराच्या वेळी ठाऊक नसते, आणि आले तरी ते रोमन लिपीतील असते. ‘%एसला’, ‘%एसचे’ असे प्रत्यय थेट चिन्हाला जोडले, तर पडद्यावर रोमन नावाला देवनागरी शेपूट लागलेले दिसते. यावर उपाय मराठीच्या घडणीतच आहे : चिन्हापुढे एक ओळखीचे मराठी नाम ठेवावे आणि विभक्तीचा भार त्यावर टाकावा. ‘%एस या पॅकेजाचे’, ‘%एस या फायलीत’. असे नाम तपशील आणि व्याकरण यांच्यामध्ये उभे राहून दोघांनाही सांभाळते.

दुसरी अडचण लिंगाची. आधार म्हणून लागणारे एखादे पॅकेज बसविता येत नसेल, तर एपीटी ‘पण ते बसविले जाणार नाही’ अशा अर्थाचा तुकडा छापते. इंग्रजी सर्वनामाला येथे अडचण नाही. मराठीत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांपैकी एक निवडावेच लागते आणि क्रियापद त्याला अनुसरते. ‘पॅकेज’ हा शब्द नपुंसकलिंगी धरला तर ‘ते’; त्याऐवजी ‘संच’ हा शब्द पसंत केला तर ‘तो’. म्हणजे पारिभाषिक शब्दाची एक निवड शेकडो वाक्यांच्या क्रियापदांपर्यंत पोचते, आणि दोन भाषांतरकारांनी दोन शब्द निवडल्यास एकाच पडद्यावर दोन लिंगे नांदू लागतात. चिन्हे जुळतात म्हणून यंत्र दोन्ही वाक्ये मान्य करते.

तिसरी अडचण वचनाची व तुकड्यांची. एपीटी प्रत्येक कामापूर्वी किती पॅकेजे अद्ययावत होतील, किती नवी बसतील, किती काढली जातील, याचा गोषवारा देते. हे एक वाक्य वाटले तरी सूचीत ते अनेक तुकड्यांत विभागलेले आहे, आणि काही तुकडे प्रसंगानुसार गाळले जातात. कर्माशी जुळणारे क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेला हा व्यवहार अवघड जातो. एकाला ‘अद्ययावत केले’ म्हणावे तर तिनांना ‘अद्ययावत केली’ म्हणावे लागते, आणि येथे अंक कोणता येईल हे आधी कळत नाही. गेटटेक्स्टमध्ये वचनभेदाची सोय आहे. मराठीसाठी एक आणि एकाहून भिन्न अशी दोन रूपे देता येतात. परंतु मूळ वाक्याच्या लेखकाने ती सोय वापरली असेल तरच भाषांतरकाराला ती मिळते. येरव्ही त्याला ‘अद्ययावत : ३, नवी : २’ अशी क्रियापदाला बगल देणारी रचना शोधावी लागते.

यावरून दिसते की सुरक्षितता दोन पातळ्यांवर आहे. एक यंत्राच्या स्वाधीन करता येते. दुसरी भाषा जाणणाऱ्या माणसाला वाक्यागणिक सांभाळावी लागते.

६

हाच भेद यंत्रभाषांमधील जोडण्यांच्या इतिहासातही आढळतो. आर्च लिनक्स या प्रणालीचा ‘पॅकमन’ हा पॅकेज मॅनेजर जड विनेट यांनी २००२ साली लिहिला. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा गाभा ‘लिबॅल्पम’ या स्वतंत्र सी-ग्रंथालयाच्या रूपाने वेगळा काढण्यात आला, जेणेकरून इतर आज्ञावलींनाही तो वापरता यावा. या ग्रंथालयाकडून पॅकेजांची यादी मागितली तर यादी मिळते. परंतु तिच्यातील प्रत्येक वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे सी भाषेच्या प्रकारव्यवस्थेत लिहिलेले नसते, ते टिपणांत वाचावे लागते. काही याद्या मागणाऱ्याने वापरून झाल्यावर स्वतः मोकळ्या करावयाच्या असतात. काही ग्रंथालयाच्या मालकीच्या असल्याने त्यांना हात लावावयाचा नसतो. आणि ग्रंथालयाचे काम संपविले की त्याने दिलेले पॅकेजांचे पत्ते निरर्थक होतात. तरी ते कोणाजवळ राहिले असल्यास सी भाषा हरकत घेत नाही. दुभाषाच्या डोक्यात असलेले मालकीचे संकेत ते हेच.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या रस्ट भाषेत हे संकेत प्रकारांत लिहिता येतात. लिबॅल्पमसाठी रस्टमध्ये रचलेल्या जोडणीत पॅकेजाचा संदर्भ ग्रंथालयाच्या मूळ दुव्याशी आयुर्मर्यादेने बांधलेला असतो. मूळ दुवा संपल्यावर संदर्भ वापरण्याचा प्रयत्न केल्यास कंपायलर तो मान्य करीत नाही. आज्ञावली चालू होण्यापूर्वीच चूक कळते. परंतु त्या जोडणीच्या तळाशी सी भाषेशी प्रत्यक्ष बोलणारा एक थर राहतोच, आणि रस्ट भाषा त्या थराला ‘अनसेफ’, म्हणजे असुरक्षित, असे नाव देण्यास भाग पाडते. तेथे टिपणे वाचून, अर्थ लावून करार बरोबर उतरविण्याचे काम माणसाचे असते. तो थर चुकला तर त्यावर उभी असलेली सर्व हमी पोकळ ठरते. रस्टमधील तो थर आणि मराठी वाक्यातील सामान्यरूप यांचे स्थान एकच आहे. एपीटीच्या क्षेत्रातही हा विचार येऊन पोचला आहे : त्याच्या काही भागांत रस्टचा वापर २०२६ च्या मे महिन्यानंतर अनिवार्य करण्याचा इरादा त्याच्या एका प्रमुख विकासकाने २०२५ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर केला.

७

मुंबईतील कार्याचे फळ लवकरच दृष्टीस आले. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियन ५.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिची स्थापना करणारे साधन ६३ भाषांत उपलब्ध होते, आणि त्या वेळी नव्याने समाविष्ट झालेल्या पाच भाषांत मराठी होती. मात्र मराठीची गणना ज्या १३ भाषा केवळ चित्रमय पडद्यावरच निवडता येत होत्या त्यांत करावी लागली. कारण साध्या अक्षर-पडद्यावर या भाषांची लिपी दाखविता येत नव्हती. डीपीकेजी व एपीटी ही तर मुख्यतः अशा अक्षर-पडद्यावरच बोलणारी साधने. म्हणजे वाक्य सुरक्षितपणे मराठीत आले तरी ते वाचता येईल अशी जागा त्याला सर्वत्र मिळाली नाही.

त्याहून दूरगामी अडचण काळाची होती. मूळ इंग्रजी वाक्ये स्थिर नसतात. एखादा शब्द बदलला, नवे चिन्ह आले, वाक्य दुभंगले, की गेटटेक्स्ट जुन्या भाषांतरावर ‘फझी’, म्हणजे संदिग्ध, अशी खूण करते. अशी खूण असलेले भाषांतर पुसले जात नाही. परंतु माणसाने पाहून मान्य करीपर्यंत ते वापरलेही जात नाही. त्याच्या जागी मूळ इंग्रजी वाक्य छापले जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. शंकास्पद दुभाषाने बोलण्यापेक्षा गप्प बसावे हे बरे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की ज्या भाषेची फाइल कोणी पाहत नाही, ती भाषा पडद्यावरून वाक्यावाक्याने मागे सरते. कोणी तिला नाकारलेले नसते, कोणी काही निर्णय घेतलेला नसतो. एपीटीच्या मूळ संचात मराठीची फाइल राहिली आणि तिच्या शिरोभागात २००८ हे वर्षही राहिले. भोवतालची इंग्रजी वाक्ये मात्र बदलत गेली.

मराठीत परिभाषेच्या कार्याची परंपरा मोठी आहे. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापून शासनव्यवहाराच्या परिभाषेचे काम हाती घेतले. ही कार्ये कोशाच्या स्वरूपाची होती आणि कोश एकदा छापला की काही दशके तरी त्याच्या आधाराने चालता येते. पॅकेज मॅनेजरच्या संदेशांची सूची कोशासारखी दिसली तरी ती बंदरातील दुभाषाच्या जातीची आहे. गलबते येत राहतात तोवर त्याला धक्क्यावर हजर राहावे लागते. चिन्हे जुळविण्याचे काम यंत्राने घेतले असल्याने या कामासाठी लागणारी पात्रता आता मुख्यतः भाषेची आहे : सामान्यरूप कोठे लागते, लिंग कोठे निवडावे, वचन कसे टाळावे किंवा सांभाळावे. मराठीच्या विद्यापीठीय विभागांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांजवळ नेमके हेच ज्ञान असते. मुंबईतील त्या लहानशा गटाने रचलेली फाइल जागेवर आहे, आणि तिच्यातील संदिग्ध वाक्ये कोणीतरी वाचून मान्य करण्याची वाट पाहत आहेत.